ट्रायटन : दोन घराण्यांची एक मोटारसायकल

'घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. या दोन उद्योगांत मनुष्याचा पैसा, त्याचा धीर आणि सोयऱ्याधायऱ्यांशीं असलेलें त्याचें सख्य या तिहींची कसोटी लागते, हें सांगण्यासाठींच ती आपल्या पूर्वजांनीं केली असावी. इंग्लंडांतील अनेक कामकरी तरुणांनीं १९५० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत हे दोन्ही उद्योग एकाच वस्तूंत साधले. त्यांनीं बांधली ती मोटारसायकल. आणि ती बांधतांना लग्न लावलें तें एका कारखान्याच्या सांगाड्याचें दुसऱ्या कारखान्याच्या इंजिनाशीं. सांगाडा नॉर्टनचा, इंजिन ट्रायंफचें, आणि दोन्ही आडनांवें जोडून झालेलें नांव 'ट्रायटन'. ग्रीक पुराणांत या नांवाचा एक समुद्रदेवहि आहे. परंतु या गाडीचा जन्म समुद्रांत न होतां घरामागच्या छपरींत, मिणमिणत्या दिव्याखालीं, आठवड्याच्या पगारांतून वांचविलेल्या शिलिंगांवर झाला.

ही हकीकत केवळ यंत्रप्रेमी तरुणांसाठींच आहे असें नव्हे. थोड्या पैशांत मोठी वस्तु घडवूं पाहणाऱ्या कोणासहि तींत घेण्यासारखें पुष्कळ आहे. आणि ज्यांचा अठरा-वीस वर्षांचा मुलगा अंगणांत एखादी जुनी मोटारसायकल उघडून बसला आहे, अशा आईबापांनीं तर ती अवश्य वाचावी.

सांगाडा : गाडीचा कणा

मोटारसायकल पहावयास आलेला मनुष्य प्रथम इंजिनाकडे पाहतो, मग टाकीच्या रंगाकडे. सांगाड्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. वस्तुतः गाडीचा स्वभाव ठरवितो तो सांगाडाच. पुढच्या चाकाचा कांटा ज्या नळींत फिरतो ती नळी आणि मागच्या चाकाचा आंस यांचें परस्परांशीं जें नातें असतें, तें वेगांत, वळणावर आणि खड्ड्यांतहि बिघडूं न देणें हें त्याचें काम. तें थोडें जरी बिघडलें तरी दोन चाकें एका रेषेंत धांवत नाहींत, गाडी अंग मुरडूं लागते, आणि इंजिनाची जी शक्ति गुण म्हणून विकत घेतली तीच अवगुण ठरते. तंबोऱ्याचा भोपळा कितीहि नामी असला, तरी दांडी पिळलेली असेल तर सूर टिकत नाहीं. तसाच हा प्रकार आहे.

हें मर्म ज्यानें ओळखलें तो रेक्स मॅककँडलेस हा बेलफास्टचा रहिवासी. तो पदवीधर इंजिनियर नव्हता. आपला भाऊ क्रोमी याच्यासह गाड्या दुरुस्त करतां करतां स्वतःच्या हातांनीं शिकलेला तो कारागीर होता. त्यानें आंखलेला सांगाडा नॉर्टन कंपनीनें १९५० सालीं आपल्या शर्यतीच्या गाडीस बसविला. त्याची रचना सांगावयास सोपी आहे. पोलादी नळीचे दोन मोठे फेर शेजारींशेजारीं उभे केले आहेत अशी कल्पना करावी. प्रत्येक नळी पुढच्या मस्तकापासून निघून टाकीखालून मागें जाते, तेथून खालीं वळून इंजिनाच्या पोटाखालून पुढें येते आणि पुनः वर चढून मस्तकास मिळते. मस्तकापाशीं या नळ्या एकमेकींस छेदून जातात, आणि त्यामुळें जेथें पीळ अधिक बसावयाचा तेथेंच बळकटी अधिक मिळते. मागचें चाक झुलत्या दांड्यावर असून त्यास दोन्ही बाजूंस स्प्रिंगांचा आधार असतो. शर्यतीच्या गाडीसाठीं 'रेनॉल्ड्स ५३१' या जातीच्या हलक्या व चिवट पोलादाची नळी वापरली जाई; आणि तिचें नाजूक जोडकाम करण्याची सोय नॉर्टनच्या बर्मिंगहॅम येथील कारखान्यांत नसल्यामुळें, नळी करणाऱ्या रेनॉल्ड्स कंपनीकडेच हे सांगाडे तयार होत.

१९५० च्या जून महिन्यांत आइल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध शर्यतींत या सांगाड्याची परीक्षा झाली. तेथील डोंगरी रस्त्याचा एक फेरा सुमारें पावणेअडतीस मैलांचा. त्या वर्षीं ५०० आणि ३५० घन सेंटिमीटर या दोन्ही वर्गांत पहिले, दुसरे व तिसरे हे तिन्ही क्रमांक नॉर्टननें पटकाविले. मोठ्या वर्गांत जेफ ड्यूक हा तरुण पहिला आला. हॅरॉल्ड डॅनियल या अनुभवी स्वारानें या गाडीवरील बैठकीस पिसांच्या गादीची उपमा दिली, आणि तेव्हांपासून 'फेदरबेड', म्हणजे पिसांची गादी, हेंच त्या सांगाड्याचें नांव पडलें. अंथरूण पाहून पाय पसरावे हा उपदेश सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु या अंथरुणाची कीर्ति अशी पसरली कीं, ज्यांचे पाय तेथवर पोंचण्यासारखे नव्हते अशा तरुणांनाहि त्याची ओढ लागली.

इंजिन : स्वस्त, हलकें आणि जोमदार

दुसऱ्या बाजूस ट्रायंफ. एडवर्ड टर्नर यानें १९३७ सालीं 'स्पीड ट्विन' नांवाची ५०० घन सेंटिमीटरची गाडी बाजारांत आणली. तिचे दोन सिलिंडर शेजारींशेजारीं उभे असत. दोन्ही दट्टे एकदम वर जात व एकदम खालीं येत, मात्र ठिणगी आळीपाळीनें एकेका सिलिंडरांत पडे. त्यामुळें इंजिन एका सिलिंडरच्या इंजिनापेक्षां फारसें रुंद वा जड न होतां अधिक मऊ आणि अधिक चपळ चाले. १९४९ सालीं तें ६५० घन सेंटिमीटरचें झालें व गाडीचें नांव 'थंडरबर्ड' पडलें. त्या वर्षीं पॅरिसजवळील माँल्हेरीच्या धांवपट्टीवर अशा तीन गाड्या प्रत्येकी पांचशें मैल ताशीं नव्वद मैलांहून अधिक सरासरीनें पळविण्यांत आल्या. पुढें १९५४ सालीं 'टायगर ११०' आणि १९५९ सालीं दोन कार्बुरेटरांची 'बॉनव्हिल' निघाली.

हें इंजिन सर्वत्र मिळे, त्याचे सुटे भाग विपुल असत, आणि त्याची शक्ति वाढविण्याच्या युक्त्या प्रत्येक वर्कशॉपांत ठाऊक असत. वैगुण्य होतें तें त्याच्या स्वतःच्या सांगाड्यांत. वेगांत वळण घेतांना ट्रायंफची गाडी नॉर्टनइतकी निश्चल राहत नसे. एकाकडे कणा उत्तम, दुसऱ्याकडे काळीज उत्तम. दोहोंचा मिलाफ करावा ही कल्पना कोणा एकाच्या डोक्यांत आली असें नव्हे; ती अनेकांच्या डोक्यांत एकाच सुमारास आली.

सांगाडे मोकळे कसे झाले

आतां प्रश्न असा कीं, नॉर्टनचा इतका नांवाजलेला सांगाडा गरिबाच्या हातीं लागला कसा? याचें उत्तर मोटारसायकलींच्या जगांत न सांपडतां मोटारींच्या जगांत सांपडतें. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत ५०० घन सेंटिमीटरच्या चिमुकल्या शर्यती मोटारींचा छंद बोकाळला. १९५० सालीं त्यांना 'फॉर्म्युला तीन' या नांवानें आंतरराष्ट्रीय मान्यताहि मिळाली. कूपरसारख्या या मोटारींना नॉर्टनच्या शर्यती गाडीचें इंजिन सर्वांत मानवे. परंतु नॉर्टन कंपनी तें सुटें विकण्यास राजी नसे. तेव्हां मोटारवाले शौकीन अख्खी मोटारसायकल विकत घेत, तींतून इंजिन काढून मोटारींत बसवीत, आणि उरलेला सांगाडा चाकांसकट बाजूला सारीत. श्रीमंताच्या छंदाचा जो टाकाऊ भाग तो गरिबाच्या हौसेचें भांडवल झाला.

याखेरीज दुसराहि एक पुरवठा होता. नॉर्टनच्या रस्त्यावर चालणाऱ्या 'डॉमिनेटर' गाड्यांना १९५१ पासून याच घाटाचा सांगाडा मिळूं लागला होता. त्यांपैकीं अपघातांत सांपडलेल्या किंवा इंजिन निकामी झालेल्या गाड्या भंगारवाल्यांकडे येत. त्यांतला सांगाडा एकीकडून, अपघातग्रस्त ट्रायंफचें इंजिन दुसरीकडून, टाकी तिसरीकडून, असा संसार महिन्यामहिन्यानें जमवावयाचा. सर्व पैसा एकदम उभा करण्याची गरज नसे, आणि स्वस्ताईचें खरें रहस्य हेंच होतें. जो घाई करी त्याला तीच वस्तु दुप्पट भावानें घ्यावी लागे.

जोडणी : क्रम चुकला कीं काम चुकलें

घर बांधणारा ज्याप्रमाणें पायापासून वर जातो, त्याप्रमाणें ही गाडी सांगाड्यापासून वर जाते. भंगारांतून आणलेल्या सांगाड्यावरचा रंग प्रथम पूर्ण खरवडून काढावयाचा. कारण भेग बहुधा रंगाखालीं आणि जोडाच्या कडेलाच लपलेली असते. मग तो सरळ आहे कीं नाहीं तें पहावयाचें. त्यास मोठें यंत्र लागत नाहीं. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस टेकवून दोन ताणलेल्या दोऱ्या पुढच्या चाकापर्यंत आणावयाच्या आणि दोन्हीकडील अंतर मोजावयाचें. दोन्ही टायर सारख्या रुंदीचे असतील तर दोऱ्या पुढेंहि त्यांना सारख्याच टेकल्या पाहिजेत. पुढचा टायर अरुंद असेल तर दोन्हीकडे मोकळी जागा समसमान उरली पाहिजे. जेथें फरक दिसेल तेथें सांगाडा, दांडा किंवा कांटा वांकडा आहे असें समजावें. सांगाडा वांकडा निघाला तर तो सरळ करवून घेतल्यावांचून पुढचें पाऊल टाकावयाचें नाहीं.

दुसरी पायरी इंजिन बसविण्याची, आणि खरी कसोटी येथेंच. नॉर्टनच्या सांगाड्यांत ट्रायंफचें इंजिन धरून ठेवण्यासाठीं जागा केलेली नसते. त्याकरितां धातूच्या जाड पत्र्याचे आधार कापून घ्यावे लागतात. शहाणा मनुष्य प्रथम पुठ्ठ्याचे नमुने कापतो, इंजिन लांकडी ठोकळ्यांवर टेकवून सांगाड्यांत उभें करतो, आणि मग मापें घेतो. इंजिन जितकें खालीं व जितकें पुढें बसेल तितकें गाडीच्या तोलास चांगलें. परंतु फार पुढें गेलें तर कांटा दबतांच पुढचें चाक धूरनळ्यांस घासतें, आणि फार मागें राहिलें तर कार्बुरेटरास श्वास घेण्यास जागा उरत नाहीं. शिवाय साखळीचा हिशेब असतो. त्या काळच्या ट्रायंफ इंजिनाची गिअरपेटी वेगळी असे. ६५० ची ही दोन्ही अंगें एका कवचांत आलीं तीं १९६३ च्या नमुन्यापासून. म्हणून इंजिनापासून गिअरपेटीपर्यंत एक साखळी व तेथून मागच्या चाकापर्यंत दुसरी, अशा दोन साखळ्या असत, आणि प्रत्येकीचीं दोन्ही दांतेरी चक्रें अगदीं एका पातळींत यावीं लागत. तींत थोडाहि तिरकेपणा राहिला कीं साखळी लवकर झिजते. आणि वेगांत असतां ती तुटली तर काय होतें हें सांगावयास नकोच.

दोन दट्टे एकदम वरखालीं होणाऱ्या या इंजिनाची थरथर मोठी असते. तेव्हां आधाराचे पत्रे ताठ असले पाहिजेत, बोल्ट भोंकांत सैल असतां कामा नयेत, आणि इंजिनाचा माथाहि वरच्या नळीस एका पट्टीनें बांधला पाहिजे. ही पट्टी दिसावयास क्षुल्लक. पण ती गाळली तर कांहीं महिन्यांत आधारांना तडे जातात.

त्यानंतर बाकीचा संसार. या इंजिनाचें तेल त्याच्या पोटांत न राहतां वेगळ्या टाकींत राहतें; तिच्यासाठीं बैठकीखालीं जागा करावयाची. ठिणगीसाठीं मॅग्नेटो असेल तर बॅटरीवांचूनहि इंजिन चालतें. म्हणून कित्येक जण डायनॅमो काढून टाकीत व त्याची जागा बुचानें बंद करीत. शर्यतीपुरतें तें ठीक, परंतु रात्रीं रस्त्यावर फिरणाऱ्यास दिवा हवाच. पायटे मागें सरकवावयाचे, हातदांड्याचे दोन आंखूड तुकडे कांट्याच्या नळ्यांस खालीं बांधावयाचे, म्हणजे स्वार टाकीवर ओणवा होतो व वारा कमी अडतो. पायटे मागें गेले म्हणजे गिअरची कळ उलट फिरवून बसवावी लागे. त्यामुळें पूर्वीं जो गिअर वर होता तो खालीं येई, आणि पहिले कांहीं दिवस पायास नवें वळण लावावें लागे.

काटकसर कोठें करावी, कोठें करूं नये

या छपरींतील कारागिरांनीं जो अनुभव मिळविला त्याचें सार एका वाक्यांत सांगतां येतें: जी वस्तु डोळ्यांना दिसते तिच्यावर वांचवावें, जी जीव वांचविते तिच्यावर खर्चावें. चकचकीत धूरनळी, हातानें ठोकलेली ॲल्युमिनियमची लांब टाकी, पॉलिश केलेलीं झांकणें हीं सर्व मागाहून येऊं शकतात. रंग घरीं देतां येतो, बैठक घरीं शिवतां येते. परंतु ब्रेकचे पट्टे, टायर, चाकांचे बेअरिंग, साखळी, ब्रेकच्या तारा आणि महत्त्वाचे बोल्ट हे भंगारांतून घेणें म्हणजे काटकसर नव्हे, तो जुगार आहे. नवशिक्याच्या हातून नेमकें याच्या उलट घडतें. तो पहिल्या पगारांत टाकी घेतो, दुसऱ्यांत धूरनळी, आणि ब्रेकची पाळी येईपर्यंत त्याची थैली रिकामी झालेली असते.

दुसरा नियम परक्या हातांचा. स्वतःच सर्व करावयाचें हा हट्ट महागांत पडतो. पत्रे कापणें, पॉलिश करणें, तारा ओढणें, जोडणी करणें हें घरीं व्हावें. परंतु सिलिंडर रुंदावणें, दांड्याचा तोल साधणें आणि सांगाड्याचें जोडकाम हें ज्याचें त्याच्याकडेच द्यावें. आणि तिसरा नियम वहीचा: काय घेतलें, कितीला घेतलें, कोणता बोल्ट कोठून काढला, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. गाडी पुनः जोडतांना स्मरणशक्तीवर विसंबणाऱ्याच्या हातीं शेवटीं चार-दोन नट शिल्लक राहतात, आणि ते कोठले हा प्रश्न त्याला नंतर रस्त्यावर सुटतो.

शंभर मैलांची भुरळ

ट्रायटन तयार झाली म्हणजे ती न्यावयाची कोठें? लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर 'एस कॅफे' नांवाचें उपाहारगृह होतें. १९३८ सालीं तें निघालें, युद्धांत बाँबनें उद्ध्वस्त झालें, आणि १९४९ सालीं पुनः उभें राहिलें. रात्रंदिवस उघड्या असलेल्या या जागेंत मोटारसायकलवाल्या तरुणांचा अड्डा जमे. ताशीं शंभर मैल, म्हणजे सुमारें १६० किलोमीटर, वेग गांठणें ही त्यांच्यांतील प्रतिष्ठेची कसोटी होती. पेटींत नाणें टाकून गाणें सुरू करावयाचें आणि तें संपण्याच्या आंत ठरलेला फेरा मारून परत यावयाचें, अशी पैज तेथें लागत असे असें सांगतात. येथूनच या घाटाच्या गाड्यांना 'कॅफे रेसर' हें नांव मिळालें; आरंभीं तें थट्टेनें दिलेलें होतें.

या वेडाची दुसरी बाजू दुःखाची होती. डोक्यावर शिरस्त्राण घालण्याची सक्ति ब्रिटनमध्यें झाली ती १९७३ सालीं. त्यापूर्वीं कित्येक घरांतील मुलें रात्रीं बाहेर पडलीं तीं परत आलीं नाहींत. वृत्तपत्रांनीं या तरुणांना गुंड ठरविलें, आणि कित्येक उपाहारगृहांचीं दारें त्यांना बंद झालीं. अशा वेळीं बिल शेरगोल्ड नांवाच्या एका धर्मोपदेशकानें वेगळा मार्ग धरला. पूर्व लंडनमधील हॅकनी विक येथें १९५९ सालीं स्थापन झालेल्या युवक मंडळाचें काम तो पाही. स्वतः मोटारसायकलवर बसून तो एस कॅफेंत गेला, तेथील मुलांना त्यानें आपल्याकडे बोलाविलें, आणि १९६२ पासून 'फिफ्टीनाइन क्लब' हें त्यांचें हक्काचें घर झालें. रागावणाऱ्यांना जें साधलें नाहीं तें आपुलकीनें बोलावणाऱ्याला साधलें, ही गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आणि या छपरींतल्या गाडीची योग्यताहि एक दिवस जगापुढें आली. १९६५ सालीं बार्सिलोना येथील माँट्युइक टेंकडीवरील चोवीस तासांच्या शर्यतींत डेव्ह डिजन्स आणि रेक्स बुचर या दोघांनीं डिजन्सनें स्वतः बांधलेली ट्रायटन पळविली, आणि पहिला क्रमांक मिळविला. चोवीस तास अखंड चालण्याची परीक्षा केवळ वेगाची नसते. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक जोड आणि प्रत्येक माप यांची ती परीक्षा असते. जोडगाडी म्हणून हिणविणाऱ्यांना याहून चांगलें उत्तर कोणतें देतां आलें असतें?

आपल्याकडे

पुढें ट्रायंफचा मेरिडन येथील जुना कारखाना १९८३ सालीं बंद पडला, व नव्या मालकाखालीं तें नांव हिंक्ले येथें पुनः उभें राहिलें. आज मजेचा योग असा कीं, ट्रायटनच्या दोन्ही घराण्यांचा संबंध हिंदुस्थानाशीं जडला आहे. नॉर्टन हें नांव २०२० सालीं टीव्हीएस कंपनीनें विकत घेतलें, आणि पुण्याजवळ चाकण येथें बजाज ऑटोच्या कारखान्यांत २०२३ पासून ट्रायंफ नांवाच्या ४०० घन सेंटिमीटरच्या गाड्या तयार होऊं लागल्या.

तथापि आपल्याकडील एखाद्या तरुणास एकाचा सांगाडा व दुसऱ्याचें इंजिन जोडण्याची हौस झाली, तर त्यानें आधीं कायदा वाचावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रकांत लिहिलेला तपशील कारखान्यानें ठरविलेल्या तपशिलापासून बदलेल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हाच अर्थ उचलून धरला. ज्या थोड्या बदलांस मुभा आहे त्यांसहि नोंदणी कचेरीची संमति लागते. म्हणून रस्त्यावर चालवावयाच्या गाडीस सरळ मार्ग हा कीं, कागदपत्रें स्वच्छ असलेली एखादी जुनी गाडी घ्यावी, इंजिन व सांगाडा यांवरील क्रमांक नोंदणीपत्रकाशीं पडताळून पहावे, आणि तिचेंच इंजिन तिच्याच सांगाड्यांत ठेवून ती शेवटच्या बोल्टापर्यंत उघडून नव्यानें बांधावी. वर सांगितलेला सगळा क्रम, म्हणजे रंग खरवडणें, दोरीनें सरळपणा पाहणें, साखळीची पातळी साधणें आणि वहींत लिहिणें, हा तेथेंहि तसाच लागू पडतो. आणि शिकावयाचें तें सर्व तितकेंच शिकतां येतें.

असा मुलगा घरीं असेल तर आईबापांनीं त्याला नको म्हणण्यापूर्वीं त्याची वही मागून पहावी. तींत ब्रेकचा खर्च टाकीच्या आधीं लिहिलेला आढळला, तर छपरींतला दिवा आणखी थोडा वेळ जळूं द्यावयास हरकत नाहीं. टाकी आधीं लिहिलेली असेल, तर रागें न भरतां त्याच्याजवळ बसून यादीचा क्रम बदलून द्यावा.